पांढऱ्या राक्षसाची ओवाळनी

माझं नाव लंकाबाई. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, मधीमधी दात काढलेले मला खपत न्हाईत. बापानं नाव ठिवलं लंका आन् नशिबानं नवरा दिला राक्षस. खोटं न्हाई सांगत. आमच्या भैरोबाच्या जत्रंत दर साली देव-राक्षसाचं सोंग आसतं, त्यात सव्वीस वर्सं राक्षस झाले ते आमचे हे. नवऱ्याचं नाव घिऊ नये म्हन्त्यात, पन तुमाला कळायला पायजे म्हनून घेते: आसाराम. तालमीतलं शरीर, सहा फूट उंची, रंगानं तव्याच्या बुडासारखे. आता आसा माणूस गावाला सापडल्यावर त्याला कोन देव करनार हाय? देव व्हायचा आप्पासाहेबांचा रविराज. गोरा गोमटा, नाकात बोलनारा. त्याला म्हनायची वाक्यं चार, आन् चारी पाठीमागून कुनीतरी सांगायला लागायची.

सोंगाची रीत आशी हाय. देव आला की बाया तबक घिऊन पुढं व्हत्यात, त्याला कुंकू लावत्यात, ओवाळत्यात, नारळ देत्यात. राक्षस आला की पोरं आयांच्या पदरात शिरत्यात. शेवटी देव राक्षसाला मारतो. मारलेल्या राक्षसानं देवळापुढनं जायचं न्हाई, चावडीपुढनं जायचं न्हाई. मागच्या बाजूनं गुरांच्या हौदावर जायचं, आन् त्याच्या बायकूनं त्याला घासून धुवायचं. धुतल्यावर त्यो गावात यायला मोकळा. सव्वीस वर्सं देव पुढं बसून पेढे खातोय, आन् मी हौदावर नवऱ्याच्या पाठीला वीट घासतीया.

काजळी पन मीच धरायची. एरंडेलाचा दिवा लावायचा, वर तांब्याचं ताट उपडं घालायचं, जमंल ती काजळी खोबरेलात खलायची. ती तोंडाला फासली की आमचे हे आरशात बगून म्हनायचे, "लंके, काय फरक पडला गं?" आन् दोघं बी हसायचो. पन हसन्याखाली माझं एक दुखनं हुतं, ते सांगते.

लगीन होऊन आले त्या पयल्या जत्रंला मी नवी कोरी नवरी. आपला माणूस सोंगात हाय म्हनल्यावर मला काय आनंद! तबक सजवलं, निरांजन लावलं, आन् राक्षस आला तशी मी उठले. मागं बसलेल्या रंगुबाईनं पदर धरून खाली वढलं. "अगं येडे," ती सगळ्या गावाला ऐकू जाईल आशी बोलली, "राक्षसाला कुनी ओवाळतं व्हय?" गाव खदाखदा हसलं. आमचे हे वर उभे हुते, त्यांनी बगितलं. त्या साली सोंगात मेल्यावर ते जरा जास्तच येळ पडून ऱ्हायले.

तवापासनं दर साली मी तबक तयार करते आन् पिशवीत घालून संगं नेते. घरी कितीबी ओवाळलं, दिवाळी-पाडवा आसतोच की. पन चार मानसांत, भैरोबापुढं, माझ्या मानसाला एकदा कुंकू लागावं, येवढंच माझं मागनं. तबक पिशवीतनं कधी भाईर निघालं न्हाई.

यंदा पूजा आली. शेजारच्या ज्ञानेश्वर गुरुजींची लेक, नगरला नाटकाचं शिकती. देवळात जत्रंची बैठक बसली हुती, तितं ही पोरगी कागद घिऊन उभी ऱ्हायली आन् म्हनली, यंदा सोंग मी लिहिलंय.

गोष्ट आशी: एका गावात धवलराजा येतो. अंगावर पांढरंशुभ्र, डोक्यावर झगझगता मुकुट, बोलनं मधावानी. त्याला डाग आवडत न्हाई. आधी म्हनतो, हात धुवा. मंग म्हनतो, ज्यांचे हात धुवून निघत न्हाईत त्यांनी गावाभाईर व्हा. मंग म्हनतो, झाडांच्या सावल्या जमिनीवर काळ्या पडत्यात, झाडं तोडा. समदं लख्ख करता करता गावात ना सावली ऱ्हाती ना मानसं. शेवटी सावली नावाची एक ल्हान पोरगी त्याच्यावर काळी घोंगडी टाकती, आन् त्यो तिच्याखाली इझून जातो.

आप्पासाहेब जत्रा कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा काढला. "म्हंजी उजेड वाईट? मंग आता काय अंधाराची आरती करायची का आमी?"

पूजा म्हनली, "आप्पा, काळा राक्षस दिसला की माणूस सावध होतो. पांढरा दिसला की उठून उभा राहतो. मग जास्त घातक कोण?"

तवा माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आप्पासाहेब, चैत्राच्या बाराच्या टायमाला कांद्याच्या वावरात उभं ऱ्हावा एकदा. मंग सांगा उजेड देव हाय का राक्षस." सगळ्या बाया हसल्या, मागं बसलेले म्हातारे गहिनीनाथबाबा म्हनले, "व्हय व्हय, बरुबर बोलली." तितंच ठरलं.

धवलराजा म्हनून आधी रविराजलाच इचारलं. गोरा हाय, पांढरे इस्त्रीचे कपडे तर त्याच्या अंगावर बारा महिनं आसत्यात. त्यो उडालाच. "पांढरे कपडे घालून वाईट बोलू? पुढच्या साली ग्रामपंचायतीला उभं ऱ्हायचंय मला. समदे म्हनतील, ह्यो आपलंच सांगतोय!" येवढं खरं त्यो जन्मात पयल्यांदा बोलला.

पूजा म्हनली, "मग आसारामकाकाच करतील. राक्षस त्यांच्याइतका कुणाला येतो?"

माझ्या काळजात लख्खदिशी पडलं. पांढरे कपडे! मुकुट! म्या पूजाला बाजूला घिऊन इचारलं, "ह्याच्यात ओवाळनी हाय का गं?"

"काकू, तो राक्षसच आहे."

"आगं पन पांढरा हाय ना!"

तिला काय कळनार? पन माझा हिशेब पक्का हुता. आमच्याकडं पांढरं दिसलं की लोक उठत्यात. इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला कोनबी गाडीतनं उतरू द्या, मानसं चहाचा कप खाली ठिऊन उभी ऱ्हात्यात. आमची खोडच हाय ती. मी ठरवलं, यंदा तबक पिशवीतनं भाईर येनार.

तालीम सुरू झाली आन् ह्यांची पंचाईत झाली. सव्वीस वर्सं ह्यांनी आरोळ्या ठोकल्या. आता पूजा म्हनायची, "काका, ओरडू नका. काळ्या राक्षसाला ठाऊक असतं आपण वाईट आहोत, म्हणून तो ओरडतो. ह्याला वाटतंय आपण लोकांचं भलं करतोय. लेकराला न्हाऊ घालताना आई कशी बोलते, तसं बोला."

ह्यांना वाचता येत न्हाई. मी सातवी शिकलेली, म्हनून घरी पाठांतर मी घ्यायची. मी वाचायची, हे म्हनायचे. समदं जमलं, पन एका वाक्यापाशी गाडी अडायची. धवलराजा गावात आल्या आल्या एक बाई त्याच्या पाया पडाय येती, तिला त्यो म्हनतो: "तुझे हात मळके आहेत, बाई. मागं हो." येवढंच. ते काय ह्यांच्या तोंडातनं नीट निघंना. कधी गळा बसायचा, कधी एकदम वरडायचे.

"काय झालंय तुमाला? चार तर शब्द हायेत," मी एकदा वैतागून बोलले.

ते माझ्या हातांकडं बगत हुते. कांदा काटनीचे दिवस. दिसभर पात कापून कापून बोटं काळी पडत्यात, नखांच्या भेगांत तो रंग बसतो. लिंबानं घासा, राखेनं घासा, निघत न्हाई. आमच्या गावातल्या झाडून साऱ्या बायांचे हात त्या दिसांत तसेच.

"कुनाला म्हनू?" ते म्हनले. "समोर तूच बसलीयास."

"आवं, मी न्हाई, तितं रंगुबाई आसनार हाय. तिला म्हना खुशाल, मला काय बी वाटायचं न्हाई!" म्या म्हनलं. रंगुबाईलाच ती पाया पडनारी बाई केली हुती. ह्यांना हसू आलं, पन वाक्य काय आलं न्हाई. पूजा म्हनली, काढून टाकू का? ह्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे. समदा राक्षस त्याच वाक्यात हाय."

जत्रंचा दिस उजाडला. पूजानं सोंग दुपारी चारला ठिवलं. म्हनली, भाड्याचे लाइट कशाला, आपल्याकडं ऊन फुकट आहे. ष्टेज मावळतीकडं तोंड करून बांधलं आन् लोकांच्या डोक्यावर मांडवाचं कापड ताणलं. माझं काम ह्यांना सफेदा फासायचं. काजळी फासताना हसायचो तसं ह्या खेपंला हसलो न्हाई. पांढरं तोंड, पांढरं धोतर, पांढरा शेला, आन् मुकुटावर न्हाव्याच्या फुटक्या आरशाचे तुकडे डकवलेले. मी मागं सरून बगितलं. ओळखूच येईनात. म्या म्हनलं, "कोन पावनं म्हनायचं?" पन ओठ हलवत ते आपले तेच येक वाक्य घोकत हुते.

मी म्होरं येऊन बायांत बसले. पिशवी मांडीवर.

आन् धवलराजा आला. काय सांगू तुमाला! मावळतीकडलं ऊन सरळ अंगावर पडलं, मुकुटातनं कवडसे सुटले ते लोकांच्या तोंडावर, मांडवाच्या कापडावर नाचाय लागले. मी मघाशी ह्या हातानं त्यांना रंगवलं, पन माझ्याबी अंगावर काटा आला. पयली लंकाबाई उठली आसं समजू नका. आधी उठली गहिनीनाथबाबाची म्हातारी, हात जोडून. मंग तिच्या शेजारची. मंग समदा मांडव. मागनं कुनीतरी वरडलं, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!"

यंदा सोंगात देव न्हाई म्हनून कुनी तबक आनलंच न्हवतं. बाया एकमेकींकडं बगाय लागल्या: ओवाळायचं कशानं? आन् तबक कुनाकडं हुतं? माझ्याकडं! सव्वीस वर्सांनी त्याच गावच्या बाया मला ढकलत हुत्या, "लंके, जा की! उठ, जा म्होरं!"

काड्याची पेटी वढली. त्या उन्हात निरांजन लागलं का न्हाई तेबी दिसंना, बोट जवळ न्हेऊन बगितलं तवा चटका बसला. पायऱ्या चढले. रंगुबाई तिच्या जागंवर पाया पडायला वाकायच्या बेतात हुती, तिला म्या कोपरानं बाजूला सारलं. सोंग बिंग काय माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. माझा माणूस उभा हुता, आन् माझ्या हातात तबक हुतं.

ह्यांनी माझ्याकडं बगितलं. एक पापनी लवंस्तवर ते माझेच हुते, ते मला दिसलं. मंग नजर खाली आली, तबक धरलेल्या माझ्या हातांवर थांबली. आन् ते बोलले. हळू, गोड, लेकराला समजावल्यासारखं.

"तुझे हात मळके आहेत, बाई. मागं हो."

मला आदुगर कळलंच न्हाई. कळलं तवा कानशिलं तापली. ह्याच हातांनी ह्यांची पाठ घासली, काजळी धरली, कांदे कापले, आन् ह्यांनी मला साऱ्या गावापुढं आसं बोलावं? सोंग हाय हे मला ठाऊक हुतं, ते वाक्य म्याच शंभर येळा वाचून दाखवलं हुतं. तरी लागलं. लई लागलं. वाटलं, तबक फेकून मारावं त्या पांढऱ्या थोबाडावर.

आन् म्या बगितलं, समोर उभ्या ऱ्हायलेल्या बायांनी, एकीनं, दुसरीनं, साऱ्यांनी, आपापले हात पदराखाली घेतले.

धवलराजा तसाच गोड हसला. "किती काळोख करून बसलाय तुम्ही," म्हनला, आन् त्यानं हात वर केला. पूजानं नेमलेल्या पोरांनी दोऱ्या वढल्या आन् लोकांच्या डोक्यावरचं मांडवाचं कापड सर्रकन मागं गेलं. चैत्राचं ऊन धाडदिशी टाळक्यावर आलं. बारकी पोरं रडाय लागली. गहिनीनाथबाबा काठी आपटत उठले आन् कागदात नसलेलं वाक्य बोलले, "आरं ए राक्षसा! सावली दे आमची!"

मंग काय, समदा गावच वरडाय लागला. मघाशी हात जोडलेले तेच. पूजा पडद्याआड तोंडावर हात धरून रडत हुती का हसत हुती, कुनाला ठाऊक. सव्वीस वर्सं काजळी फासून ह्यांनी पोरं भेवडवली, पन आक्ख्या गावाला राग आला त्यो आज पयल्यांदा.

आन् मी? मी ष्टेजच्या खांबापाशी तबक घिऊन उभी. खाली उतरायची लाज वाटत हुती. लोकांस्नी वाटलं मी सोंगातलीच हाय. उभ्या उभ्या समदं सोंग बगितलं. ह्यांनी झाडं तोडली, मानसं हाकलली, एकदाबी आवाज चढवला न्हाई, एकदाबी माझ्याकडं बगितलं न्हाई. मनात म्या शंभर शिव्या घातल्या, आन् मनातच म्हनलं, काय काम करतोय ह्यो माणूस!

शेवट आला. सावली झालेली संस्कृती, चौथीतली पोर, घोंगडी घिऊन धावत आली. चांगली धनगरी घोंगडी, वजनाला कांद्याच्या अर्ध्या गोनीयेवढी. पोरीनं जोर लावून फेकली, ती ह्यांच्या कमरंला लागून खाली पडली. पुन्यांदा फेकली, पुन्यांदा पडली. मागं कुनीतरी फिस्सकन हसलं. संस्कृतीचे डोळे भरले. हे तसेच उभे. राक्षसानं काय वाकून आपल्या अंगावर घोंगडी घ्यायची का?

म्या तबक शेजारी उभ्या रंगुबाईच्या हातात दिलं. पदर खोचला. घोंगडी उचलली.

"हात मळके हायेत, राजा," म्या म्हनलं, "पन नेम चुकायचा न्हाई." आन् टाकली त्यांच्या डोक्यावरनं. समदा राग काढला त्या फेकीत. सहा फुटांचा धवलराजा मुकुटासकट काळ्या घोंगडीखाली गेला, गुडघ्यावर आला, आडवा झाला. मरायचं ह्यांनी कुनाकडनं शिकायला नको. गावानं टाळ्या, शिट्ट्या, चांगभलं, काय इचारू नका.

रीत म्हनली की आता त्यांना मागच्या अंगानं हौदावर न्यायचं. मी त्या काळ्या ढिगाऱ्याकडं बगत हुते. राग गेलेला न्हवता, पन त्या ढिगाऱ्याची छाती वरखाली हुताना दिसत हुती, आन् मला पयली जत्रा आठवली, ते जास्त येळ पडून ऱ्हायलेले. तबक मागं घ्यायला म्या रंगुबाईम्होरं हात केला.

"अगं येडे," रंगुबाई बोलली, "राक्षसाला कुनी..." म्होरलं तिनं गिळलं. तबक तिनं दोन्ही हातांनी धरलं हुतं, आन् ती आपल्याच बोटांकडं बगत हुती.

म्या तिच्या हातातनं तबक घेतलं, घोंगडीची कड उचलली आन् तबकासकट आत शिरले.

आत अंधार. भाईर उन्हात जे दिसत न्हवतं ते निरांजन हितं कसं छान दिसाय लागलं. घामानं सफेदा वघळून गेला हुता, पांढऱ्या वघळांमधनं माझा काळा माणूस डोकावत हुता.

"लागलं का गं?" त्यांनी हळूच इचारलं.

"न लागायला मी दगड हाय व्हय?"

"मला ते वाक्य येतच न्हवतं, लंके. तुझे हात दिसले आन् कळलं, ह्यो राक्षस काय करतो ते. ज्या हातांम्होरं वाकावं त्यांनाच मळके म्हनतो. मंग आलं तोंडातनं. चुकलो म्हन."

"हात मळकेच हायेत आजून."

"हितं अंधारात कुठं दिसत्यात? कुंकू लाव आदुगर, घोंगडी पेटायच्या आत."

मला रडू बी आलं आन् हसू बी. बोट कुंकवात बुडवलं आन् त्यांच्या कपाळाला टेकवलं. ओवाळायला जागा न्हवती, तबक आपलं हितल्या हितं जरासं फिरवलं. त्यांनी डोळे मिटले, मेलेल्या सोंगानं मिटायचे आसत्यात तसे, पन पापन्यांतनं पानी गळत हुतं.

तेवढ्यात घोंगडीची कड भाईरनं उचलली गेली. रंगुबाईचं तोंड आत आलं. तिच्या मागं कांद्याचे हात घिऊन बायांची रांग लागली हुती, पार पायऱ्यांच्या खालपातूर.

"संपलं का न्हाई तुमचं?" रंगुबाई वरडली. "दे ते तबक हिकडं. सव्वीस वर्सं एकटीच धरून बसलीयास."

म्या दिलं.